निळ्या आभाळातले पळते ठिपके: केशवाहिनीतून कोण कसं जातं आणि बाहेर कोण पडतं?

काचपट्टी

दिवाळीच्या सुट्टीत गाद्या-उशा उन्हात टाकल्या होत्या. नऊ वर्षांची नात त्यावर उताणी पडून आभाळ बघत होती. एकदम म्हणाली, "आज्जी, आभाळात मुंग्या पळतायत. पांढऱ्या."

सूनबाईंना लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांची आठवण झाली. मला मात्र इतका आनंद झाला की विचारू नका. ३१ वर्षं लॅबमध्ये लिशमनचा रंग आणि सीडरवूड तेलाचा थेंब यांच्या संगतीत पांढऱ्या पेशी मोजण्यात गेली, पण त्या सगळ्या मेलेल्या, काचेवर वाळलेल्या. ही पोरगी गच्चीवर पडून जिवंत पळत्या पेशी बघत होती, आणि तेही फुकट!

मामला असा आहे. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी मागे असतात आणि बारीक रक्तवाहिन्या त्यांच्या पुढे. म्हणजे आपण जन्मभर स्वतःच्या केशवाहिन्यांमधून जग बघतो. तांबड्या पेशी निळा उजेड शोषतात, त्यामुळे त्यांची सावली पडते. ती सावली कायमचीच असल्यानं मेंदू तिची दखल घेत नाही. मधेच एखादी पांढरी पेशी येते. ती निळा उजेड अडवत नाही, म्हणून सावलीत क्षणभर फट पडते. तीच फट म्हणजे पळता पांढरा ठिपका. शेरर नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १९२४ मध्ये याचं वर्णन केलं.

नीट बघितलंत तर काही ठिपक्यांच्या मागे काळसर शेपूट दिसेल. खरी गंमत त्या शेपटात आहे.

आमच्याकडे सांगलीत गाळप हंगामात रस्त्यावर उसाची ट्रॉली असते. तिच्या पुढे रस्ता मोकळा आणि मागे मोटारसायकलींची रांग. केशवाहिनीत अगदी हेच होतं: पांढरी पेशी ही ट्रॉली, आणि तिच्यामागे तुंबलेल्या तांबड्या पेशी म्हणजे ते काळसर शेपूट. वाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबडी पेशी साडेसात ते आठ मायक्रॉन रुंद, म्हणजे कित्येक ठिकाणी बोळापेक्षा मोठी. तरी ती सहज जाते, कारण ती कमी कापूस भरलेल्या उशीसारखी असते. आतलं द्रव्य एका गोल चेंडूत भरलं तर जेवढं कातडं लागेल, त्याहून जवळजवळ ४० टक्के जास्त कातडं तिच्याकडे आहे. शिवाय पोटात केंद्रक नाही. त्यामुळे ती दुमडते, छत्रीसारखी पुढून फुगते, सपातेसारखी लांबते आणि पलीकडे गेली की परत बशी.

पांढरी पेशी म्हणजे ठासून भरलेली उशी. काचपट्टीवर न्यूट्रोफिल (पांढऱ्यांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) १२ ते १५ मायक्रॉन दिसते, पण ती तिथे पसरलेली असते. रक्तात ती गोल, साधारण ७-८ मायक्रॉनची. म्हणजे रुंदीला तांबडीएवढीच, पण आकार बदलायला सावकाश आणि आत केंद्रक. बरं, ते केंद्रक तीन-चार मण्यांच्या माळेसारखं आहे म्हणून निदान एकेक मणी पुढे सरकवत जाता तरी येतं. फुप्फुसातली केशवाहिनी तांबडी पेशी सेकंदाच्या आत ओलांडते. न्यूट्रोफिलला तिथेच काही सेकंदांपासून कित्येक मिनिटं लागू शकतात.

सर्वांत अवघड परीक्षा मात्र पाणथरीत (प्लीहा म्हणा हवं तर). तिथल्या भिंतीतल्या फटी एक-दोन मायक्रॉनच्या, किंवा त्याहूनही अरुंद. १२० दिवसांच्या आयुष्यात तांबडी पेशी तिथून पुन्हापुन्हा जाते. ताठर झाली की अडकते आणि तिथेच तिचा निकाल लागतो. पोटात केंद्रकाचा तुकडा राहिलेला असेल तर तो फटीतून जाताना काढून घेतला जातो. पाणथरी काढलेल्या माणसाच्या रक्तात हे तुकडे तसेच दिसतात, जांभळा टिंब. हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात त्यांना. रिपोर्टवर काही लिहिलेलं नसताना स्लाइड बघून "यांची पाणथरी काढलीय का हो?" असं विचारलं की डॉक्टर चमकून बघत. तेवढाच आमचा मान.

तर विचारायचं होतं, कुणाकुणाला ठिपके दिसले?

---

रानवारा

काकू, आत्ता ऑफिसच्या गच्चीवर जाऊन आलो. हिंजवडीत निळं आभाळ मिळणं हाच एक योग. दिसले! पण हे ते 'फ्लोटर' नव्हेत ना? मला तेही दिसतात, जाळीच्या तुकड्यासारखे.

काचपट्टी

@रानवारा, नाही. फ्लोटर डोळा फिरवला की मागोमाग तरंगत येतात, आकार तोच राहतो, आणि पांढऱ्या भिंतीवरही दिसतात. हे ठिपके डोळा स्थिर असतानाही पळतात, सेकंदाच्या आत नाहीसे होतात आणि पुन्हा त्याच वाटेनं दुसरा येतो. बोट मनगटावर ठेवून बघ. ठोक्याबरोबर त्यांना धक्का बसतो. फ्लोटर अचानक खूप वाढले किंवा डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं तर मात्र आभाळ बघत बसू नकोस, डॉक्टर गाठ.

फलाट क्रमांक ३

उसाची ट्रॉली कसली, ही तर सरळसरळ सकाळची ८:१२ ची लोकल आहे. तांबड्या पेशी म्हणजे रोजचे पासवाले, पोट आत घेऊन उभे राहणारे. पांढरी म्हणजे सामानाच्या तीन बॅगा घेऊन पहिल्यांदाच चढलेला पाहुणा.

शेंगदाणा

लोकलची उपमा आली. धागा अधिकृतपणे सुरू झाला असं समजायला हरकत नाही.

बारावी_ब

मला बेसिक प्रश्न आहे. आमच्या नोट्समध्ये लिहिलंय, 'पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर पडतात.' मग त्या एवढ्या ताठ असतील तर एवढ्याशा फटीतून बाहेर कशा पडतात? आणि तांबड्या लवचीक असून का पडत नाहीत?

रातपाळी

@बारावी_ब, प्रश्न झकास आहे. ड्यूटीवर आहे, पण वॉर्ड शांत आहे तोवर लिहितो. (शांत आहे असं म्हणू नये. तीन मिनिटांत फोन येईल.)

नोट्समध्ये थोडी गफलत आहे. बहुतेक ठिकाणी पांढऱ्या पेशी केशवाहिनीतून नाही, तर ती संपून जिथे बारीक शिरा सुरू होते त्या व्हेन्यूलमधून बाहेर पडतात. मोठा अपवाद फुप्फुस. तिथे केशवाहिनीतूनच पडतात.

व्हेन्यूलच का? काकूंची ट्रॉलीच पुढे नेतो. अरुंद रस्ता संपून रुंद रस्ता लागला की मागे तुंबलेल्या मोटारसायकली एकदम पुढे घुसतात आणि ट्रॉली कडेला ढकलली जाते. केशवाहिनीतून रुंद व्हेन्यूलमध्ये येताना तांबड्या पेशी पांढरीला अशाच भिंतीकडे ढकलतात. आणि जवळपास जखम किंवा जंतू असतील तर नेमक्या तिथल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाचे हात बाहेर आलेले असतात. ते पांढरीच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या पकडतात. पकड मजबूत नसते. एक सुटते, दुसरी लागते, पेशी भिंतीवरून गडगडत जाते. त्या गडगडण्यात तिला भिंतीवर चिकटलेले रासायनिक निरोप 'वाचायला' मिळतात. निरोप पटला की तिच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे आकडे ताठ उभे राहतात आणि ती घट्ट थांबते. मग चपटी होते, भिंतीवरून सरपटत दोन पेशींमधला सांधा शोधते आणि पहिला पाय आत घालते. ताठर असली तरी मेलेली नाही ती! स्वतःचा सांगाडा मोडून पुन्हा बांधत पुढे जाते. भिंतीच्या पेशीही अंग चोरून वाट देतात. पलीकडे आणखी एक जाळीदार पडदा असतो, तो पार करायला पाच-दहा मिनिटं सहज जातात.

तांबडीकडे यातलं काही नाही. पाय नाही, निरोप वाचायची सोय नाही. प्रवाह नेईल तिकडे जायचं. ती बाहेर पडते ती भिंत फुटली तरच. टेबलाचा कोपरा मांडीला लागल्यावर जो काळानिळा डाग पडतो ना, त्या बाहेर सांडलेल्या तांबड्या पेशी. नंतर डाग हिरवट-पिवळा होतो, कारण त्यांना खाणाऱ्या पेशी हिमोग्लोबिनचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन करतात. त्या खाणाऱ्या पेशी म्हणजे मॅक्रोफेज. त्यातल्या कित्येक मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) म्हणून रक्तातून तिथे आपल्या पायानं गेलेल्या असतात.

फोन आला. सांगितलं होतं.

जुनी_पोथी

इतिहासाची भर टाकतो, कारण पांढऱ्या पेशी भिंतीतून बाहेर पडतात ही गोष्ट लोकांच्या गळी उतरायला चाळीसएक वर्षं लागली.

हार्वे या इंग्रज वैद्यानं १६२८ मध्ये रक्त गोल फिरतं हे मांडलं, पण धमनीतून शिरेत ते जातं कसं, हे त्याला दाखवता आलं नाही. १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिघीनं बेडकाच्या फुप्फुसात तो जोडरस्ता बघितला. पांढऱ्या पेशी भिंतीतून बाहेर पडताना फ्रान्समध्ये द्युत्रोशेनं १८२४ मध्ये बघितल्या आणि वॉलरनं १८४६ मध्ये बेडकाच्या जिभेत. पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्या वेळी जर्मनीत रोगशास्त्रज्ञ फिर्शोचा शब्द शेवटचा, आणि त्याच्या मते पूमधल्या पेशी जागच्या जागी, ऊतींमधूनच तयार होत.

१८६७ मध्ये त्याचाच शिष्य कोनहाइम यानं बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून ठेवला. पेशी आधी कडेला लागतात, मग भिंतीला बाहेरून बारीक फुगवटा येतो, तो वाढतो आणि शेवटी अख्खी पेशी बाहेर. तासन् तास बसून बघितलं त्यानं. शंका राहू नये म्हणून बेडकाच्या लसिकेत (म्हणजे लिम्फमध्ये) निळा रंग टोचून पांढऱ्या पेशी रंगवल्या आणि दूर डोळ्याच्या बुबुळावर जखम केली. तिथल्या पूमध्ये निळे कण पोटात असलेल्या पेशी सापडल्या. म्हणजे पू रक्तातून आलेला. गुरूच्या मताविरुद्ध इतका सभ्य आणि इतका पक्का पुरावा क्वचित बघायला मिळतो.

पेन्शनर

आमच्या वेळी बी.एस्सी.ला बेडकाच्या पायाच्या पडद्यातलं रक्त दाखवत. बेडूक ओल्या फडक्यात गुंडाळायचा, भोक पाडलेल्या फळीवर पायाची बोटं टाचण्यांनी ताणायची. सर म्हणत, "बघा, नकाशातले रस्ते चालू झाले." बेडकाची तांबडी पेशी लांबट आणि केंद्रकवाली, आपल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी, म्हणून कमी ताकदीच्या भिंगातही दिसे. मी मात्र तेव्हा बेडकाच्या डोळ्यांकडेच बघत होतो, त्यामुळे प्रॅक्टिकलमध्ये मार्क बेताचेच पडले.

दोन_साखर_कमी

मी एका लॅबवर विनाकारण चिडलो होतो, ते आज कळतंय. बायकोच्या पांढऱ्या पेशी सोमवारी ८ हजार, गुरुवारी १४ हजार. ताप नाही, काही नाही. मी काउंटरवर आवाज चढवून आलो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की दम्यासाठी सुरू केलेल्या स्टिरॉइडनं तसं होतं. पण का होतं ते विचारायचं राहिलं.

काचपट्टी

काउंटरवरच्या मुलीला एकदा सॉरी म्हणून या. आम्ही फार ऐकून घेतलंय हो.

कारण असं: रक्तातल्या जवळजवळ निम्म्या न्यूट्रोफिल कुठल्याही क्षणी प्रवाहात नसतातच. त्या भिंतीला टेकून असतात, किंवा फुप्फुस, पाणथरी अशा ठिकाणी रेंगाळत असतात. सुईनं काढलेल्या रक्तात त्या येत नाहीत, म्हणून आकड्यातही येत नाहीत. स्टिरॉइडनं त्यांची भिंतीवरची पकड सुटते आणि बाहेर पडणं कमी होतं. शिवाय अस्थिमज्जेतूनही जास्त सोडल्या जातात. आकडा फुगतो. पळत चार जिने चढून आलात तरी थोडा वाढतो, म्हणून मी पेशंटला आधी पाच मिनिटं बसवायची. लोक वैतागायचे, "आधीच उशीर झालाय, घ्या ना लवकर" म्हणून.

कोथिंबीर_फुकट

डेंग्यूत प्लेटलेट केशवाहिनीतून गळतात का? गेल्या पावसाळ्यात भाऊ अ‍ॅडमिट होता. प्लेटलेट २२ हजार. आम्ही रात्रभर ब्लड बँका पालथ्या घातल्या आणि डॉक्टर शांतपणे 'पीसीव्ही किती' एवढंच विचारत होते. तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

रातपाळी

परत आलो. तुमचे ते डॉक्टर योग्य ठिकाणी बघत होते.

डेंग्यूत केशवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात. पण बाहेर जातं ते रक्तद्रव: पाणी, क्षार आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिनं. पेशी आतच राहतात. वरणातलं पाणी झिरपून गेलं तर डाळ दाट होते, तसं रक्त दाट होतं. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती. तो रोग्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी चढला की समजायचं, गळती मोठी आहे. ही वेळ बहुतेकदा ताप उतरताना येते आणि एक-दोन दिवस राहते. घरचे म्हणतात ताप गेला, सुटलो, आणि आम्ही तेव्हाच जास्त घाबरलेलो असतो. त्यानंतर बाहेर गेलेलं पाणी परत आत येतं. तेव्हा सलाइन चालूच राहिलं तर फुप्फुसात पाणी व्हायची भीती.

प्लेटलेट कमी होतात त्या वेगळ्या कारणांनी: मज्जेत कमी बनतात आणि रक्तात जास्त खर्च होतात. रक्तस्राव नसताना निव्वळ आकडा वाढवायला त्या चढवण्याचा सहसा फायदा नाही. प्लेटलेटचं रोजचं कामच भिंतीपाशी. दोन-तीन मायक्रॉनचे हे तुकडे तांबड्या पेशींच्या गर्दीत धक्के खात कडेला फेकले जातात, आणि भोक पडतं तेही कडेलाच. त्या फार कमी झाल्या की कातडीवर लाल टाचणीटिंबं दिसतात, तिथे तांबड्या पेशी सांडलेल्या असतात.

वैनगंगा

मी गडचिरोलीकडचा, शाळेत शिकवतो. काकूंचं ठासून भरलेल्या उशीचं वाचून माझी एक विद्यार्थिनी आठवली. थंडी पडली की तिचा पहिला तास बुडायचा. हातपाय धरून रडायची. गावात म्हणत, पोरगी कामचुकार आहे. तपासणीत सोल्युबिलिटी टेस्ट (प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह आली, पुढे खात्रीची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस, झालं. सिकलसेल. वर्गातला पाण्याचा माठ तिच्या बाकाजवळ हलवला, एवढंच माझ्या हातात होतं.

त्यानंतर बरंच वाचलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक. ऑक्सिजन सोडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या बनवतं आणि पेशी विळ्यासारखी होते. पण काड्या बनायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून निसटली, फुप्फुसात जाऊन ऑक्सिजन घेतला, तर निभावलं. म्हणजे सगळी शर्यत सेकंदांची आहे. थंडीनं वाहिन्या आकसल्या, पाणी कमी पडलं, पेशी भिंतीला चिकटून रेंगाळली की शर्यत हरली. वाट तुंबते आणि पुढच्या हाडामासाला ऑक्सिजन मिळत नाही. तीच ती कळ. अशी पेशी १२० दिवस कुठली जगते, १०-२० दिवसांत संपते.

भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीत नोंदवला गेला. देशपातळीवरची निर्मूलन मोहीम सुरू झाली २०२३ मध्ये. मधल्या काळात किती पोरं कामचुकार ठरली असतील, तुम्हीच बघा.

फलाट क्रमांक ३

@वैनगंगा, लोकलचा विनोद करून बसलो होतो. वाचून गप्प झालो. मुलगी आता कशी आहे?

वैनगंगा

हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू आहे. कळा कमी आहेत. बारावीला आहे, माझ्याहून जास्त बोलते.

परळकर

१९५२ वरून आठवलं. त्याच वर्षी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगासमोर आला, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांचा, आमच्या परळचा. या धाग्याशी त्याचं नातं आहे, म्हणून लिहितो.

वर रातपाळींनी 'साखरेच्या साखळ्या' म्हटलंय. त्यात फ्युकोज नावाची साखर लागते. तांबड्या पेशीवरचा एच पदार्थ (ज्यावर रक्तगटाचे ए आणि बी उभे राहतात) बनवायलाही फ्युकोजच लागते. बॉम्बे गटात ती बसवून एच बनवणारं एक विकर (एन्झाइम) निकामी असतं, म्हणून एच नाही आणि साध्या चाचणीत रक्त 'ओ' वाटतं. पण पांढऱ्या पेशींची पकड शाबूत. ही माणसं ठणठणीत असतात, रक्त चढवायची वेळ आली तरच पंचाईत.

१९९२ मध्ये मात्र दोन मुलं नोंदवली गेली, ज्यांचा गट बॉम्बेसारखा होता आणि वारंवार जंतुसंसर्ग होई. रक्तात पांढऱ्या पेशी ढिगानं, पण जखमेत पू नाही. कारण त्यांच्या शरीरात फ्युकोज जागेवर पोचतच नव्हती. तांबड्यांवर एच नाही आणि पांढऱ्यांवर सिलेक्टिनला धरायला काही नाही. पेशी भिंतीवर गडगडूच शकत नव्हत्या, प्रवाहात सरळ निघून जात. याचाच एक भाऊ-आजार आहे, त्यात इंटिग्रिन बिघडलेलं असतं. तिथे गडगडणं जमतं, थांबणं जमत नाही. अशा बाळाची नाळ तीन-चार आठवडे होऊनही गळत नाही, ही पहिली खूण असू शकते.

शेंगदाणा

म्हणजे पू होणं हे चांगलं लक्षण? माझी आजी म्हणायची, "गळू पिकलं की सुटलास." तिला रातपाळींच्या हॉस्पिटलात नेमा.

बारावी_ब

सर्वांना थँक्स. आणखी एकच. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं काय? त्या पण व्हेन्यूलमधूनच?

रातपाळी

हो, पण त्यांची गंमत वेगळी. लसिका गाठींमध्ये खास उंच पेशींच्या भिंती असलेल्या व्हेन्यूल असतात, तिथून त्या रोगराई नसतानाही रोज बाहेर पडतात, गाठीत हिंडतात आणि लसिकेच्या वाटेनं पुन्हा रक्तात येतात. न्यूट्रोफिल एकदा बाहेर पडली की बहुधा परत येत नाही. लिम्फोसाइट माहेरवाशिणीसारखी येऊन-जाऊन असते. आता झोपतो. परीक्षेत 'व्हेन्यूल' लिही, पण कंसात केशवाहिनीही लिही. तपासणाऱ्याकडे त्याच नोट्स असतील.

रानवारा

काकू, बेडूक नको, पण घरी जिवंत रक्तप्रवाह बघायची काही सोय आहे का? पुतण्याकडे शाळेचा साधा सूक्ष्मदर्शक आहे.

काचपट्टी

गप्पी मासा. डबक्यात डास खायला सोडतात तोच. बारीक मासा घे, टाकीच्याच पाण्यात भिजवलेल्या कापसात कल्ल्यांसकट गुंडाळ, शेपूट तेवढी मोकळी ठेवून पसरट काचेवर ठेव. शेपटीवर पाण्याचा थेंब. सर्वांत कमी ताकदीचं भिंग आधी. पाच मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, आणि मोठ्या माणसानं समोर उभं राहायचं.

परवा नातीला दाखवलं. शेपटीच्या काट्याकाट्यामधून एक धार टोकाकडे, एक परत, आणि दोघींना जोडणाऱ्या वाटेत पेशी एकामागं एक. एका वळणावर वाट तुंबली, मागे रांग लागली. ती भिंगावरून डोळा न काढता ओरडली, "आज्जी, ट्रॉली!"

मासा टाकीत परत गेलाय. तिनं त्याचं नावही तेच ठेवलंय.